राष्ट्रपिता आणि ‘काफर’ हा शब्द: गांधींचं दक्षिण आफ्रिकेतलं लिखाण कसं वाचावं

सोलापुरात हा प्रश्न बहुधा दोन तारखांच्या आसपास निघतो. २ ऑक्टोबरला मोबाइलवर एक चित्र फिरतं: गांधींचा फोटो, खाली इंग्रजीतली दोन-तीन वाक्यं, आणि त्या वाक्यांत आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांना आळशी, रानटी म्हटलेलं. दुसरी तारीख १२ जानेवारी. चार हुतात्मा चौकात हार घालून मुलं परततात आणि वरच्या वर्गातलं एखादं मूल विचारतं, “सर, ती वाक्यं खरी आहेत का?” या गावात तो प्रश्न जड आहे. ५ मे १९३० रोजी गांधींना अटक झाली, त्या बातमीनं सोलापूर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला, १२ मेला मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. ज्या माणसाच्या अटकेवरून आपलं गाव उठलं, त्यानं एका अख्ख्या समाजाला तुच्छ लेखलं होतं का, असं विचारणाऱ्या मुलाला गप्प करणं सोपं आहे. पण ते योग्य नाही.

तर सरळ उत्तर: होय, त्यातली बरीच वाक्यं गांधींचीच आहेत. मात्र ती केव्हा, कोणाला उद्देशून आणि काय मागण्यासाठी लिहिली हे कळल्याशिवाय नुसत्या ‘होय’नं काही समजत नाही. हा पूर्वग्रह म्हणजे चांगल्या कापडावर बाहेरून उडालेला डाग नव्हता. त्या वर्षांत गांधी जो युक्तिवाद करत होते, त्याच्या विणीतलाच तो एक धागा होता. सोलापुरी चादर उलटी केली की नक्षीतले रंग पालटतात, सूत मात्र तेच असतं. म्हणून आधी युक्तिवाद समजून घ्यायचा, मग वाक्य वाचायचं.

आधी तीन शब्द

‘काफर’ हा शब्द आपल्याकडे दखनीतून, उर्दूतून कानावर पडतो. ‘काफिर’ म्हणजे धर्म न मानणारा. मूळ अरबी शब्द तोच, पण दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनी तो तिथल्या काळ्या लोकांसाठी वापरला. सरकारी कागदांतही तो होता आणि त्यात तुच्छताही होती. आज तिथं ती घाणेरडी शिवी आहे आणि ती दिली तर कोर्टात शिक्षा होऊ शकते. मराठीत आणताना दोन चुका होतात. ‘नास्तिक’ असं भाषांतर केलं तर अर्थच बदलतो. ‘काळे लोक’ असं केलं तर शब्दातलं विष निघून जातं आणि वाक्य होतं त्यापेक्षा सभ्य वाटू लागतं. शब्द तसाच ठेवावा आणि शेजारी अर्थ सांगावा.

‘कुली’ म्हणजे आपल्याला स्टेशनवरचा हमाल. तिथं मात्र प्रत्येक भारतीयाला कुली म्हणत. कुली व्यापारी, कुली बॅरिस्टर. गांधी स्वतः ‘कुली बॅरिस्टर’ होते. ‘नेटिव्ह’ हा तिसरा शब्द. मुंबई इलाख्यात नेटिव्ह म्हणजे आपण. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ आणि ट्रान्सवाल या वसाहतींत नेटिव्ह म्हणजे आफ्रिकी, भारतीय नव्हे. हा फरक लक्षात न आल्यानं पुष्कळ वाचक वाक्याचा उलटाच अर्थ लावतात.

पंगत तीच, भांडण पानाच्या जागेवरून

मे १८९३ मध्ये गांधी दरबानला उतरले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. तिथले भारतीय मोटामोटी दोन प्रकारचे. एक गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधून नेलेले मजूर. त्यांचं पहिलं जहाज ‘ट्रुरो’ मद्रासहून १६ नोव्हेंबर १८६० रोजी दरबानला लागलं आणि १९११ पर्यंत सुमारे १ लाख ५२ हजार माणसं उसाच्या मळ्यांत, खाणींत, रेल्वेवर कामाला नेली गेली. त्यात तमिळ आणि तेलुगू लोक मोठ्या संख्येनं होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत बोलली जाते ती तेलुगू तिथल्या मळ्यांतही बोलली जात होती. दुसरे व्यापारी, मुख्यतः गुजराती मुसलमान. गांधींना बोलावलं ते एका व्यापारी पेढीनं, आणि सुरुवातीची त्यांची अर्जबाजी मुख्यतः या व्यापाऱ्यांच्या हक्कांसाठी होती.

१८९४ मध्ये नाताळ सरकारनं भारतीयांचा मताधिकार काढून घेणारं विधेयक आणलं. गांधींनी नाताळ इंडियन काँग्रेस उभी केली आणि अर्जांमागून अर्ज लिहिले. त्या अर्जांचा सांगाडा ठरलेला आहे. आम्ही राणीची प्रजा आहोत. १८५८च्या जाहीरनाम्यानं आम्हांला समान वागणुकीचं वचन दिलं आहे. आमची संस्कृती प्राचीन आहे. इंग्रज आणि भारतीय एकाच आर्य वंशाचे आहेत, हे डिसेंबर १८९४च्या खुल्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि मग शेवटची पायरी: असं असताना आम्हांला ‘रानटी काफरा’च्या पातळीवर का ओढता?

हा पंगतभेदाचा वाद आहे. आपलं पान कोणाशेजारी मांडलं यावर तक्रार आहे, पंगतीत भेद असावा की नसावा हा प्रश्नच नाही. जात पाहिलेल्या आपल्या समाजाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. “आम्ही त्यांच्यातले नाही” असं म्हणून वरच्याकडे दाद मागण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे.

दरबानच्या टपाल कचेरीचं उदाहरण नेमकं आहे. तिथं दोन दारं होती. एक गोऱ्यांसाठी, दुसरं नेटिव्ह आणि आशियाई यांच्यासाठी. भारतीयांनी तक्रार केली. सरकारनं तीन दारं करायचं मान्य केलं: गोरे, भारतीय, आफ्रिकी. नाताळ इंडियन काँग्रेसच्या १८९५च्या अहवालात गांधींनी या निकालाची नोंद समाधानाच्या सुरात केली आहे. एकच दार सर्वांसाठी असावं, ही मागणी तेव्हा त्यांच्या मनातही नव्हती.

मोबाइलवर सर्वांत जास्त फिरतं ते वाक्य २६ सप्टेंबर १८९६चं, मुंबईतल्या भाषणातलं. युरोपीय लोक आम्हांला त्या काफराच्या पातळीवर आणू पाहतात, ज्याचा धंदा शिकार, ज्याची एकमेव आकांक्षा बायको विकत घेण्यापुरती गुरं जमवणं आणि मग आळसात, नागडेपणात आयुष्य घालवणं, असा त्याचा आशय आहे. वाक्य खरं आहे, पूर्ण आहे, आणि त्याचा बचाव करता येत नाही. १९०४चं पत्रही खरं आहे. जोहान्सबर्गच्या नगरपालिकेनं भारतीयांच्या वस्तीत आफ्रिकी लोकांना राहू दिलं, याविरुद्ध तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे केलेली ती तक्रार आहे. दोन्हींकडे पाहा. मागणी भारतीयांच्या सन्मानाची, आणि तिची किंमत तिसऱ्याच्या खिशातून.

१९०६: जखमा धुताना

नाताळ सरकारनं माणशी एक पौंड डोईपट्टी बसवली. त्यातून झुलूंचं बंड झालं, बंबाथा नावाच्या प्रमुखाच्या नावानं ते ओळखलं जातं. तीन हजारांहून जास्त झुलू मारले गेले. गांधींनी वीस-पंचवीस भारतीयांचं, जखमींना वाहून नेणारं डोलीपथक घेऊन सरकारची बाजू धरली. त्यांच्या ‘इंडियन ओपिनियन’ साप्ताहिकात १४ एप्रिल १९०६ रोजी भूमिका मांडलेली आहे: काफरांचं बंड रास्त की नाही हे ठरवणं आपलं काम नव्हे, आपण नाताळमध्ये आहोत ते ब्रिटिश सत्तेच्या जोरावर.

मात्र पथकाच्या वाट्याला आले ते मुख्यतः झुलू जखमी. फटक्यांनी सोललेल्या पाठी, कुजत चाललेल्या जखमा. गोरे लोक त्यांना हात लावायला तयार नव्हते, भारतीयांनी त्या जखमा धुतल्या. पुढं आत्मकथेत गांधींनी लिहिलं की हे युद्ध नव्हतं, माणसांची शिकार होती. ज्यांच्या वतीनं गेलो तेच शिकारी आहेत, हे त्यांना तिथं डोळ्यांनी दिसलं. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये भारतीयांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा न पाळण्याची शपथ घेतली गेली. अर्ज संपले नाहीत, पण लढ्याचा पाया बदलू लागला. “आम्ही कोण आहोत ते पाहा” या मागणीच्या जागी “कायदा अन्यायाचा आहे, आम्ही तो पाळणार नाही आणि शिक्षा भोगू” हे आलं. असं म्हणायला उच्च वंशाचा दाखला लागत नाही. आमच्या मते गांधींच्या पूर्वग्रहाखालची जमीन इथं सरकली. त्यांना स्वतःला ते लगेच कळलं नाही.

खंड ८ मधले ७२ दिवस

हे कळायला उशीर कसा लागला, ते १९०८ मध्ये दिसतं. जानेवारीत गांधी पहिल्यांदा तुरुंगात गेले. १० तारखेला दोन महिन्यांची शिक्षा झाली, ३०ला सुटका. त्या अनुभवावर ७ मार्च १९०८ रोजी त्यांनी गुजरातीत लिहिलं: गोऱ्यांबरोबर ठेवलं नाही हे समजू शकतो, पण नेटिव्हांच्या बरोबरीनं ठेवणं सहन होत नाही. काफर सहसा असंस्कृत असतात, त्यातले कैदी तर अधिकच. ते घाणेरडे, जनावरांसारखे राहतात.

१८ मे १९०८, म्हणजे ७२ दिवसांनी, त्याच जोहान्सबर्गमधल्या एका भाषणात ते म्हणाले की भविष्याकडे पाहिलं तर सगळे भिन्न वंश एकमेकांत मिसळून जगानं अजून पाहिली नसेल अशी संस्कृती घडवतील, हाच वारसा आपण पुढच्यांना द्यायला नको का?

दोन्ही मजकूर गांधींच्या इंग्रजी संकलित वाङ्मयाच्या एकाच आठव्या खंडात आहेत. गांधींवर टीका करणारे पहिला दाखवतात, बाजू घेणारे दुसरा. शेजारी ठेवून वाचतो तो वाचक दोघांपेक्षा पुढं जातो. आणि मे १९०८ नंतर सगळं स्वच्छ झालं असंही नाही. १६ जानेवारी १९०९ रोजी पुन्हा तुरुंगाबद्दल लिहिताना भारतीयांना काफरांबरोबर ठेवण्याच्या नियमाविरुद्ध लढायचा निश्चय त्यांनी नोंदवला आहे. माणूस असाच बदलतो. भाषणात पुढं, कोठडीत मागं.

१९१० मध्ये मात्र सूर निराळा लागतो. ‘इंडियन ओपिनियन’च्या २२ ऑक्टोबरच्या अंकात लिहिलं आहे की या भूमीचे मूळ रहिवासी फक्त निग्रो आहेत, आपण त्यांच्या सद्भावनेवर इथं राहतो, गोऱ्यांनी मात्र देश बळानं बळकावला आहे. १९१३च्या जमीन कायद्यानं बहुसंख्य आफ्रिकी लोकांना देशातली जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली, तेव्हा ‘इंडियन ओपिनियन’नं नेटिव्हांच्या प्रश्नापुढं भारतीयांचा प्रश्नही फिका पडतो असं म्हटलं. ‘आपल्याला काफरांच्या पंगतीला बसवू नका’ म्हणणाऱ्या लेखणीचं हे मोठं अंतर आहे.

‘काळच तसा होता’ हे उत्तर का पुरत नाही

हे उत्तर अर्धं खरं आहे. वंशांची उतरंड हे त्या काळच्या शिकलेल्या लोकांचं ‘शास्त्र’ होतं आणि गांधी लंडनमध्ये शिकलेले होते. पण काळ एकाच माणसाचा नसतो. गांधी दरबानला उतरण्याच्या वीस वर्षं आधी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. आपल्याकडचा शूद्रातिशूद्र आणि तिकडचा निग्रो गुलाम यांचं दुःख एक आहे हे फुल्यांना बोटीत न बसता दिसलं. कारण त्यांनी पंगतीकडे शेवटच्या पानावरून पाहिलं. गांधी तेव्हा मधल्या पानावरून पाहत होते.

उलट बाजूनं, “म्हणजे अहिंसा, सत्याग्रह सगळं ढोंग” हेही टिकत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतले काळे धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन बार्डोलीला भेटले तेव्हा गांधी म्हणाले की अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित निग्रोंकडूनच मिळेल. पुढच्या तीस वर्षांत अमेरिकेत काळ्यांची नागरी हक्कांची अहिंसक चळवळ उभी राहिली. १ जानेवारी १९३९ रोजी सेगावला (पुढचं सेवाग्राम) आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे रेव्हरंड टेमा आले. भारतीय आणि आफ्रिकी यांनी एकत्र आघाडी करावी का, असं त्यांनी विचारलं. गांधींनी नको म्हटलं, पण कारण आता पालटलेलं होतं: भारतीय मूठभर आहेत, तुम्ही भूमिपुत्र आहात, तुमचा वारसा लुटला जातो आहे, तुमचा प्रश्न कितीतरी मोठा आहे, तो भारतीयांच्या प्रश्नात मिसळू नये. अंतर तेच, पण आता वर-खाली नाही. आघाडी नाकारणं चूक होतं असं आम्हांला वाटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय आणि आफ्रिकी नेत्यांनी मार्च १९४७ मध्ये सहकार्याचा करार केलाच.

एक गोष्ट मात्र झाकू नये. आत्मकथेत गांधींनी भावाच्या कड्यातलं सोनं चोरल्याची कबुली दिली, मांस खाल्ल्याची दिली, कस्तुरबांवर केलेल्या जुलमाची दिली. १८९६ आणि १९०८च्या या वाक्यांची कबुली तिथं नाही. इतक्या बारीक हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या वहीत हे पान कोरं आहे, आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यालाच ते जास्त बोचावं.

वाक्य तपासायचं कसं

इंग्रजी संकलित वाङ्मयाचे १०० खंड आहेत, दक्षिण आफ्रिकेचा काळ पहिल्या १२ खंडांत येतो. गांधी हेरिटेज पोर्टलवर छापील पानांची चित्रं फुकट पाहता येतात. सगळ्यांत जास्त घोळ पानांच्या आकड्यांत होतो. इंटरनेटवर फिरणारी ९८ खंडांची संगणकी आवृत्ती वेगळी आहे, तिचे खंड आणि पानं छापील प्रतीशी जुळत नाहीत. २०००च्या सुमाराला निघालेल्या सुधारित आवृत्तीबद्दल तर तक्रारी होऊन सरकारला ती मागं घ्यावी लागली. त्यामुळे “खंड अमुक, पान तमुक” सापडलं नाही म्हणून वाक्य खोटं ठरवू नये. तारीख शोधावी. प्रत्येक मजकुराच्या तळाशी अंकाचं नाव आणि तारीख असते, आणि मूळ गुजराती असेल तर त्याच्या लगेच वर तसं लिहिलेलं असतं. गुजराती असेल तर ‘अक्षरदेह’ ही संकलित वाङ्मयाची गुजराती आवृत्ती उघडावी, मराठी वाचकाला ती बरीचशी कळते. भाषांतराच्या भाषांतरावरून वाद घालू नये.

मग तीन गोष्टी पाहाव्यात. वाक्यामध्ये टिंबं आहेत का? असतील तर गाळलेला भाग वाचावा. दोन वेगळ्या वर्षांची वाक्यं एकाच अवतरणात शिवली आहेत का? आणि लेख सहीचा आहे की साप्ताहिकाचा बिनसहीचा? बिनसहीचा असेल तर ‘गांधी म्हणाले’ ऐवजी ‘इंडियन ओपिनियनमध्ये छापलं’ असं म्हणावं.

एका तासिकेत

नववी-दहावीला चाळीस मिनिटांत हे होतं. चाळीस मुलांचे पाच-पाचचे आठ गट करावेत. प्रत्येक गटाला त्याच सात चिठ्ठ्या: सप्टेंबर १८९६, एप्रिल १९०६, मार्च १९०८, मे १९०८, जानेवारी १९०९, ऑक्टोबर १९१०, जानेवारी १९३९. प्रत्येक चिठ्ठीवर दोन-तीन ओळी, तारीख नाही. पहिली दहा मिनिटं गटांनी त्या काळाच्या क्रमानं लावायच्या. बहुतेक गट सगळ्यांत वाईट वाक्य आधी आणि सगळ्यांत चांगलं शेवटी ठेवतील. मग तारखा द्याव्यात. मार्च आणि मे १९०८ एकमेकांना चिकटून आहेत आणि त्यानंतर जानेवारी १९०९ आहे, हे पाहून वर्गात गलका होतो. तो होऊ द्यावा. उरलेल्या वेळात प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न: हे कोणाला सांगितलं आणि त्याच्याकडून काय हवं होतं?

बिघडतं ते तीन ठिकाणी. फळ्यावर ‘गुण’ आणि ‘दोष’ असे दोन रकाने पाडले की मुलं बेरीज-वजाबाकी करतात आणि विचार थांबतो. शिक्षकानं निष्कर्ष आधी सांगितला की चिठ्ठ्या कोणी वाचत नाही. आणि तो शब्द मोठ्यानं वाचला की मधल्या सुट्टीत वर्गातल्या सावळ्या मुलाला त्याच नावानं हाक बसते. म्हणून चिठ्ठीवर ‘का—’ एवढंच लिहावं, अर्थ एकदाच गंभीरपणे सांगावा.

मोठी मुलं पुतळ्यांचं विचारतील. जून २०१६ मध्ये घाना विद्यापीठात बसवलेला गांधींचा पुतळा तिथल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर डिसेंबर २०१८ मध्ये काढला गेला. नेल्सन मंडेलांनी मात्र लिहिलं होतं की त्या पूर्वग्रहांबद्दल गांधींना क्षमा करावी आणि काळ, परिस्थिती पाहून न्याय करावा, कारण तो अजून महात्मा न झालेला तरुण गांधी होता. दोन्ही आवाज आफ्रिकेतलेच आहेत. क्षमा मंडेला करू शकतात, त्यांना तो हक्क आहे. आपण भारतीयांनी ती परस्पर त्यांच्या वतीनं करून टाकू नये. म्हणून हात वर करून मतदान घेऊ नये. शेवटची पाच मिनिटं १९३९च्या चिठ्ठीसाठी ठेवावीत. सेगावला रेव्हरंड टेमांच्या जागी तुम्ही बसला असता तर पुढचा प्रश्न काय विचारला असता, तो प्रत्येकानं वहीत लिहावा, आणि वह्या गोळा कराव्यात.